मान किती पुढे, हनुवटी किती वर

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय सौभाग्यवती,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं. न वाचता फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की तू वाचणारच. काही चुकलंय का ते बघायला तरी वाचशील. जन्मभर मुलांच्या गणिताच्या वह्या तपासलेल्या बाईची ती सवय सुटत नाही.

इकडे सगळं क्षेम आहे. सकाळी चहा, मग खिडकीत उभं राहून दोन-तीन कविता, मग स्टुडिओचं शटर वर. गिऱ्हाईक आलं तर आलं. हल्ली ज्याचा त्याचा फोटो ज्याच्या त्याच्या खिशात असतो, तेव्हा दिवसभर मी आणि भिंतीवरचा रंगवलेला तलाव एकमेकांकडे बघत बसतो. तलाव अजून छान दिसतो. माझ्याबद्दल तो काही बोलत नाही.

जाताना तू दारात म्हणालीस, "पित्ताशयातले खडे काढलेत की कळवा, त्याच दिवशी निघते. तोवर इथे बसून तुमचं 'पुढच्या महिन्यात बघू' ऐकायची ताकद माझ्यात नाही." बोललीस ते बोललीस, पण लेकीकडे इतके कपडे भरून बॅग नेशील असं वाटलं नव्हतं. लोकरीचा कोटसुद्धा नेलास. म्हणजे तुझा मुक्काम थंडी सरेपर्यंतचा नसून पुढची थंडी धरून आहे, हे मला कपाट उघडल्यावर कळलं.

तर आनंदाची बातमी. मी आपणहून दवाखान्यात जाऊन आलो. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून काढू, सोपं आहे. मी म्हटलं, काढा. एवढं झाल्यावर तुला तार करायच्या तयारीत होतो (तार बंद झाली हे ठाऊक आहे, पण मनात तारच आली). तेवढ्यात त्यांनी मला शेजारच्या खोलीत भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. आपल्या लेकीहून लहान. मला म्हणाल्या, "आजोबा, आ करा." केला. "जीभ बाहेर." काढली. "खालच्या दातांनी वरचा ओठ चावा." आता मला सांग, या वयात कोणी कोणाला असं सांगतं का? शिवाय खालचे दात माझे नव्हेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. मग हनुवटीखाली बोटं ठेवून माप घेतलं. शेवटी म्हणाल्या, "आता वर छताकडे बघा." मी बघितलं. त्या म्हणाल्या, "बघा ना." मी म्हटलं, "बघतोय की." त्या म्हणाल्या, "तुम्ही डोळे वर करताय. मान मागे न्या."

मान गेली नाही. थोडी गेली आणि गंजलेल्या बिजागरीसारखी थांबली.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "भूल दिल्यावर तुमच्या श्वासनळीत एक नळी घालावी लागते. घालताना मला श्वासनळीचं तोंड डोळ्यांनी दिसायला हवं. तुमची मान आखूड आहे, ताठ आहे. थोडं अवघड जाईल असं दिसतंय. मानेचा एक्स-रे काढून आणा, मग तारीख ठरवू."

माझ्या मनाला हे फार लागलं. या गावातल्या निम्म्या लोकांची डोकी मी जागेवर बसवली आहेत. लग्नाची, नोकरीची, शेवटी भिंतीवर टांगायचीसुद्धा. "मान थोडी डावीकडे, हनुवटी खाली, हां, आता हलू नका." आणि माझंच डोकं जागेवर बसत नाही म्हणे.

पण काळजी करू नकोस. मी उपाय सुरू केला आहे. मान मोकळी करण्याचा. तपशील कंटाळवाणे आहेत.

लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

तुझाच,
शटरवाला

ता. क. शेकायची रबरी पिशवी कुठे ठेवली आहेस?


दि. ११ फेब्रुवारी

प्रिय सौभाग्यवती,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर दिसलं म्हणून मी आधी नुसतं बघत बसलो. मग वाचलं. एकच ओळ होती, "पिशवी कशाला हवी?"

काही नाही, पंख्याचा वारा लागून मान जरा धरली. इतकंच. पिशवी सापडली, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. सापडली म्हणजे समोरच्या दुकानातल्या टेलरने काढून दिली, कारण मला वर बघता येत नव्हतं. खालीही फारसं येत नव्हतं. पत्र लिहिताना पाटी उभी करून समोर ठेवली आहे, शाळेत फळ्यावर लिहायचो तसं, म्हणून ओळी तिरक्या गेल्यात.

यामुळे ऑपरेशनची तारीख ठरायचं जरा पुढे गेलं. ते माझ्या हातात नव्हतं. एक्स-रे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, आधीच ताठ असलेली मान आता आखडलेली आहे, ती सुटू द्या. तू लगेच मनात "पुढच्या महिन्यात बघू" म्हणशील. या वेळी ते मी म्हटलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, हे लक्षात घे.

आज खिडकीत उभा होतो तर चौथीच्या पुस्तकातली ती कविता आठवली. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, बाकांवर बोटांनी ताल धरून:

वाऱ्यावरती डोले बाई इवलेसे हे फूल,
वाकुन घेता वास तयाचा पडते मजला भूल.

आमचे गुरुजी दुसऱ्या ओळीला स्वतः वाकून दाखवायचे, आणि त्यांची टोपी दर वेळी पडायची. आम्ही त्या टोपीसाठी कविता पाठ केली, पण राहिली कविताच. कविता म्हणताना माझा आवाज अजून खणखणीत लागतो, हे तू मान्य करणार नाहीस, पण समोरच्या बिल्डिंगमधून एकदा कोणीतरी "बास" असं म्हटलं होतं, म्हणजे तिथपर्यंत पोचतो.

तुझाच

ता. क. टेलरने तुला फोन केला असेल तर त्याचं सगळंच मनावर घेऊ नकोस. त्याला प्रत्येक गोष्टीला झालर लावायची सवय आहे.


दि. १४ फेब्रुवारी

प्रिय बाईसाहेब,

तर त्याने फोन केला. त्याने काय सांगितलं ते तुझ्या कार्डावरून कळलं. "स्टँडचं काय झालं ते तुमच्या अक्षरात हवं." वहीच्या समासात लाल शाईने लिहायचीस तसंच.

घे, माझ्या अक्षरात.

बाबांच्या काळातला तो लोखंडी स्टँड तुला आठवत असेल, स्टुडिओच्या कोपऱ्यात उभा असतो. पूर्वी फोटो निघायला वेळ लागायचा. गिऱ्हाईक हललं की चेहरा पुसला जायचा. म्हणून पाठीमागे तो उभा करत, वर दोन बोटांचा काटा, तो डोक्याला मागून धरायचा, आणि स्क्रूने वर-खाली, मागे-पुढे व्हायचा. फोटोत दिसायचा नाही. कितीतरी रुबाबदार आजोबांच्या मागे खरं म्हणजे तो काटा उभा आहे.

मी असा विचार केला. तोंडापासून छातीपर्यंत नळी जायची आहे. नळी सरळ, तर रस्ताही सरळ हवा. म्हणजे मान जितकी मागे, तितका रस्ता सरळ. औषधांच्या दुकानात प्रथमोपचाराचं चित्र आहे, त्यातही माणसाचं डोकं मागे टाकलेलं आहे. तेव्हा रोज थोडी थोडी मान मागे न्यायची, म्हणजे ऑपरेशनपर्यंत ती आपोआप सैल पडेल. आता सांग, यात अशास्त्रीय काय आहे?

स्टुलावर बसलो. काटा मागे लावला. कपाळावरून कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा घेऊन मागच्या दांड्याला बांधला आणि स्क्रू फिरवला. पहिले काही दिवस छान गेले. छताच्या कोपऱ्यात कोळ्याने किती मोठं घर केलंय ते मला पहिल्यांदाच कळलं. मग एके सकाळी उत्साहाच्या भरात एक फेरा जास्त दिला आणि मानेत कळ आली. हात मागे बकलापर्यंत जाईना. स्क्रू उलटा फिरेना. मी छताकडे तोंड करून बसलेला, समोर रंगवलेला तलाव, आणि दुकानात कोणी नाही.

मी हाक मारली, "अरे टेलर, धाव रे धाव." त्या स्थितीत आवाज कसा लागतो याची तुला कल्पना नाही. भलताच गोल आणि लांब. टेलर समोरच मशीनवर बसला होता. त्याने मला नंतर सांगितलं, "दादा, मला वाटलं नवीन कविता बसवताय. म्हटलं चाल बरी आहे." मी पुन्हा म्हटलं, "धाव रे धाव." तो टाके घालत राहिला. असं बराच वेळ चाललं. शेवटी तो उठून आला, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे, "दादांना पुढची ओळ आठवत नाही असं कधी होत नाही."

आत आला आणि दारातच थांबला.

"दादा, हे काय?"

"पट्टा सोड."

"पण हे काय?"

"ऑपरेशनची तयारी."

"स्वतःच करताय?"

मी म्हटलं, "कात्री आण." तो कात्री आणायला गेला आणि येताना गळ्यात टेपही टाकून आला. पट्टा कापता कापता त्याने माझ्या मानेला टेप लावला. म्हणाला, "घेर आहे, उंची नाहीच. तुम्हाला बंद गळ्याचा कोट शिवायचा म्हणजे कॉलर कुठे लावायची हा प्रश्न मला कायम पडतो." संकटात माणसाला असलं ऐकावं लागतं.

स्क्रूला त्याने मशीनचं तेल घातलं. स्क्रू सुटला. मान नाही सुटली.

हे सगळं झालं. आता तू हसलीस तर हस, पण लेकीला हसून सांगू नकोस. ती जावईबापूंना सांगेल, आणि ते जेवताना मान वर करून पाणी पितील.

तुझाच


दि. २२ फेब्रुवारी

प्रिय सौभाग्यवती,

मान सुटली. तुझं कार्ड आलं. "पुढे डॉक्टर काय म्हणाल्या?" चार शब्द, म्हणजे तुझा राग उतरणीला लागला असं मी धरतो.

डॉक्टरबाईंकडे परत गेलो. टेलर बरोबर होता. पहिल्या वेळीही होताच, पहिल्या पत्रात "आपणहून" लिहिलं ते थोडं सैल लिहिलं गेलं. त्यानेच त्यांना स्टँडची गोष्ट सांगितली, हातवारे करून. बाई बराच वेळ तोंडावर हात धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "आजोबा, मेहनत तुम्ही भरपूर केलीत, पण उलट्या दिशेने."

त्यांनी मला टेबलावर आडवं केलं. झालं काय, छतावर दिवा होता. दिवा अंगावर आला की माझं शरीर माझं राहत नाही. मी आपोआप खांदे पाडले, हनुवटी आत घेतली, नजर स्थिर केली.

बाई म्हणाल्या, "आजोबा, फोटो नाही काढायचा."

मी सैल झालो आणि मान मागे टाकली, स्टँडवर शिकलो होतो तशी.

"तसंही नाही. ऐका. मान नुसती मागे टाकली की श्वासनळीचं तोंड वर सरकतं आणि जिभेच्या मुळामागे दडतं. मी तोंडातून वाकून बघते, मला जीभच दिसते. म्हणून आधी डोकं उचलून पुढे घ्यायचं आणि मग चेहरा थोडा वर. असं." त्यांनी घडी केलेल्या चादरी माझ्या डोक्याखाली आणि खांद्यांखाली सरकवल्या. एक काढली, एक घातली. "लांब देठाचं फूल समोर आलं तर तुम्ही वास कसा घ्याल? मान पुढे, नाक वर. तसं."

मग त्या बाजूला गेल्या, माझ्या कानाच्या पातळीला वाकल्या आणि एक डोळा मिटून बघितलं. "कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका रेषेत आली पाहिजे. आली. तुमची मान मागे जात नाही ना, तर उशीने जमवायचं. शिवाय जीभ उचलायला टोकाशी कॅमेरा असलेलं पातं आहे माझ्याकडे, आतलं स्क्रीनवर दिसतं."

मला काय वाटलं सांगू? मी जन्मभर तसंच वाकलोय. तसाच एक डोळा मिटून. आणि समोरचा माणूस कसा गोठून बसतो, हे मला कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, लोक लाजतात. ते लाजत नाहीत. आपलं डोकं दुसऱ्याच्या ताब्यात गेलं की माणूस श्वाससुद्धा परवानगीने घेतो. मी हनुवटी जरा सरळ करायला गेलो तर त्या म्हणाल्या, "अहो, हलू नका."

हे शब्द मला आजवर कोणी म्हटले नव्हते. एकदा तुला म्हटले होते मी, नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली होतीस तेव्हा. मान वळवायला मी हात पुढे केला आणि तू म्हणालीस, "हात लावायचा नाही. तोंडाने सांगा, मी वळवते." त्या फोटोत तुझी मान जरा जास्तच वळली आहे. मी तो परत काढायला सांगितला नाही. त्यातच तू तुझ्यासारखी दिसत होतीस.

आता खरं लिहितो. तू विचारलं नाहीस, पण तुझं कार्ड वाचताना मला ऐकू आलं.

मी "पुढच्या महिन्यात" म्हणायचो ते खड्यांमुळे नाही. सुरीचीही भीती नाही. दात काढून ठेवावे लागतात. मी तिथे उघड्या तोंडाने, बोळका, दिव्याखाली पडलेला असणार, आणि चार अनोळखी माणसं बघत असणार. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण नळी जिथून जाते तिथेच आवाज असतो. बाईंनी सांगितलं, दोन नाजूक पडदे आहेत, त्यांच्या मधून. मला एवढंच दिसलं की उठेन, खिडकीत उभा राहीन, तोंड उघडेन, आणि काही निघणार नाही. कविता डोक्यात राहून उपयोग काय, ती हवेत लागते.

हे तुला आधी सांगितलं असतं तर कदाचित तो कोट कपाटातच राहिला असता.

बाईंना मी हे विचारलं. टेलर बाहेर गेल्यावर विचारलं. त्या म्हणाल्या, "ते पडदे मला नीट दिसावेत म्हणून तर ही सगळी उशांची कसरत. दिसले की धक्का लागत नाही. नंतर घसा थोडे दिवस बसेल. मग येईल." मग म्हणाल्या, "काय म्हणता तुम्ही रोज? म्हणून दाखवा, म्हणजे आधीचा आवाज मला माहीत असेल."

मी टेबलावर आडवा, डोक्याखाली चादरी, फुलाचा वास घेतल्यासारखा. तशीच म्हटली, फुलाचीच. बाहेरून नर्स आत डोकावली आणि परत गेली.

तारीख दोन मार्च. ये असं म्हणत नाही. ये असं लिहितोय, असंही समजू नकोस.

तुझाच


दि. ३ मार्च, दवाखाना, खिडकीजवळची खाट

प्रिय सौभाग्यवती,

तू समोरच्या खुर्चीत बसून संत्रं सोलते आहेस आणि मी तुला पत्र लिहितो आहे, कारण डॉक्टरबाईंनी मला बोलायची बंदी केली आहे आणि तुला हा नियम फार आवडला आहे. सकाळपासून तू जितकं बोललीस तितकं मागच्या कित्येक वर्षांत मी तुला बोलू दिलं नसेल. तरी मला दोन-तीन मुद्द्यांना उत्तर द्यायचं आहे, म्हणून हा कागद.

पहिला मुद्दा. काल सकाळी तू बाहेरच्या बाकावर बसली होतीस हे मला माहीत नव्हतं. टेलरला माहीत होतं आणि त्याने मला सांगितलं नाही. एरवी त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा मी आत जाताना नर्सला जे विचारलं, "बाहेर कोणी बाई आल्यात का, जरा कडक दिसणाऱ्या," ते तू ऐकलंस तर त्याला माझा इलाज नाही. मी वर्णन अचूक केलं होतं.

दुसरा मुद्दा. मी आत रडलो नाही. डोळ्यात दिवा होता.

आतलं सांगतो, कारण ते तुला कोणी सांगणार नाही. दात मी स्वतः वाटीत काढून ठेवले. बाईंनी चादरी ठेवल्या, बाजूला वाकून बघितलं, एक घडी कमी केली. मी काही केलं नाही. हनुवटी आत घेतली नाही, मान मागे टाकली नाही. तोंडावर मास्क आला. त्या म्हणाल्या, "आजोबा, डोकं माझ्यावर सोडा." तर सोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या तरी हातात नुसतं सोडलं. ते इतकं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं. पुढचं काही आठवत नाही.

तिसरा मुद्दा, तो स्क्रीनवरचा फोटो. मीच हट्ट केला होता, पूर्ण शुद्ध आल्यावर, खुणा करून. बाईंनी यंत्र खाटेपाशी आणून दाखवलं. गुलाबी अंधार आणि त्यात दोन पांढऱ्या रेघा, वर जुळतात, खाली उघडतात. मध्ये काळं दार. बाई म्हणाल्या, "बघा, पूर्ण दिसलं. पहिल्याच प्रयत्नात गेली नळी." काम चांगलं आहे. उजेड बरोबर मध्यभागी, कुठे सावली नाही. मी अंगठा वर केला. तू चष्मा पुसून, वाकून, बराच वेळ बघितलंस. मी वाट बघत होतो. तू म्हणालीस, "एवढंसंच आहे होय. मग इतका आवाज येतो कुठून?"

डॉक्टरबाई हसल्या. मला हसता आलं नाही, पोटाला टाके आहेत. पण तू माझ्या कपाळावर हात ठेवून बोलत होतीस, हे तुझ्या लक्षात आलं नसावं, म्हणून लिहून ठेवतो.

आवाजाचं सांगतो. मघाशी तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी चोरून तोंड उघडून बघितलं. दाराची बिजागरी करकरते तसलं काहीतरी आलं. पण आलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ दचकून उठले आणि त्यांनी नर्सला बोलावलं, तेव्हा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असं धरायला हरकत नाही. तू परत आल्यावर त्यांनी तुला सांगितलं, आणि तू मला जे बोललीस ते साऱ्या वॉर्डने ऐकलं.

आता थांबतो. संत्र्याच्या फोडी तू बशीत लावून ठेवल्या आहेत आणि मला एकही दिलेली नाहीस. पत्र पुरं झाल्यावर मिळतील असं दिसतं.

तुझाच

ता. क. कागद घडी करून मी पाकिटात घातला आणि सवयीने लेकीचा पत्ता लिहिला. पाकीट तुझ्या हातात दिलं. तू पत्ता वाचलास, माझ्या हातातून पेन काढून घेतलंस, आणि पत्त्यावर एक आडवी रेघ मारून म्हणालीस, "लेकीकडे कशाला पाठवताय? आपल्या घरचा घाला. मी तिथेच असणार आहे." हे वाक्य पत्रात यायलाच हवं, म्हणून तुझ्याकडून पाकीट परत मागून, उघडून लिहितो आहे.